कुत्र्याला हलवायचे, पण कुठे? मुंबईच्या १८३२ च्या दंगलीपासून खानदेशातल्या घरापर्यंत

१/ जून १८३२. मुंबईतील दुकाने बंद होती आणि कुलाब्याच्या छावणीकडे जाणारी रसद लोकांनी अडवली होती. या बंडाळीचे कारण होते रस्त्यावरचे कुत्रे. त्या दिवसांत उभा राहिलेला एक प्रश्न आज जळगाव-धुळ्याच्या गल्ल्यांतही तसाच उभा आहे. हा थ्रेड त्या प्रश्नाविषयी.

२/ उन्हाळ्यात मोकाट कुत्रे मारण्याचा नियम मुंबईत होता. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. पिसाळलेल्या कुत्र्याची भीती खरी होती. पाश्चरने रेबीजची लस माणसाला प्रथम टोचली ती १८८५ मध्ये. मात्र बक्षिसाच्या लोभाने शिपाई पाळीव कुत्र्यांवरही काठी उगारू लागले.

३/ ६ जूनला पारशी जमाव शिपायांवर चालून गेला. पुढे हिंदू, जैन आणि इस्माइली व्यापारीही बंदात सामील झाले. पारशी धर्मात कुत्र्याला मानाचे स्थान आहे. गाभण कुत्री ज्याच्या घराजवळ असेल, त्याने पिल्ले स्वतःच्या पायांवर उभी राहीपर्यंत तिला सांभाळावे, अशी आज्ञा ‘वेंदिदाद’ या धर्मग्रंथात आहे. आज ज्याला ‘फॉस्टर’ म्हणतात, त्या तात्पुरत्या सांभाळाची ही फार जुनी नोंद मानता येईल.

४/ सरकारने दंगल मोडून काढली, धरपकड केली. पुढे धोरण मात्र बदलले: कुत्रे मारण्याऐवजी शहराबाहेर हलवावेत, असे ठरले. येथेच प्रश्न उभा राहिला. हलवायचे, तर कुठे?

५/ १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ सुरू झाली. पांजरपोळ म्हटले की आज गाय आठवते. पण या संस्थेच्या जन्मामागे कुत्रेही होते. तिचा खर्च व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वखुशीने बसवलेल्या लागीतून चाले. त्या मालात कापूसही होता.

६/ कापूस म्हटला की खानदेश आलाच. १८६० च्या दशकात रेल्वे जळगाव-भुसावळला पोहोचली आणि येथला कापूस थेट मुंबईच्या बाजाराशी जोडला गेला. व्यापारी पेठांबरोबर पांजरपोळीची प्रथाही रुजली; जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत पांजरपोळ आहे. तेथे आसरा मिळतो तो प्रामुख्याने गुरांना.

७/ मग कुत्र्याचे काय? घरोघरी त्याला भाकरीचा तुकडा मिळत राहिला. वैश्वदेवात त्याचा घास निघे, खंडोबा आणि दत्त यांच्यासोबत त्याची पूजाही होई. जागा मात्र उंबरठ्याबाहेर. दया होती, घर नव्हते.

८/ स्वतंत्र भारतात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आला. २००१ च्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या नियमांनी सूत्र घालून दिले: पकडा, निर्बीजीकरण करा, रेबीजची लस द्या, मूळ जागी सोडा. ही जबाबदारी स्थानिक संस्थांची. धडधाकट कुत्र्यासाठी हे सूत्र योग्यच आहे. पण आई गाडीखाली गेलेली पिल्ले किंवा पाय गमावलेली कुत्री कोणत्या ‘मूळ जागी’ सोडायची?

९/ २०२५ मध्ये तोच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २२ ऑगस्टच्या आदेशात प्राणिप्रेमींना पालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेण्याची मुभा दिली गेली. अट अशी की, तो पुन्हा रस्त्यावर येऊ नये. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके येथील कुत्रे निवाऱ्यात हलवण्याचा आदेश झाला. हलवायचे, पण कुठे? १८३२ चा प्रश्न १९३ वर्षांनी पुन्हा दारात आला.

१०/ केवळ मोठा निवारा हे याचे पूर्ण उत्तर होत नाही. दाटीवाटीत पार्व्हो आणि डिस्टेंपर वेगाने पसरतात आणि पहिला बळी पिल्लांचा जातो. म्हणून मधली पायरी लागते ती तात्पुरत्या घराची. तेथे जंतांचे औषध व लसी होतात, आणि कुत्र्याचा स्वभावही कळतो: तो मुलांत रमतो का, फटाक्यांना घाबरतो का, एकटा राहतो का. पिंजऱ्याबाहेरून हे कळत नाही.

११/ खानदेशात योग्य घर निवडताना आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. ‘मळ्यावर राखणीला हवा’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण पारा चाळिशीपार गेल्यावर त्या साखळीजवळ सावली आणि पाणी असेल का? ‘मादी नको’ म्हणणाऱ्याला निर्बीजीकरण समजावून सांगावे लागते. घरातील सर्वांची, आणि भाड्याचे घर असेल तर मालकाचीही, संमती घ्यावी लागते. जमले नाही तर कुत्रा परत आणण्याचे वचनही हवे. घाईने दिलेला कुत्रा बहुधा पुन्हा रस्त्यावरच दिसतो.

१२/ १८३२ च्या मुंबईकरांनी कुत्र्यांचा जीव वाचवला आणि पांजरपोळीने त्यांना आसरा दिला. पुढच्या पिढ्यांनी कायदा दिला. उरलेली पायरी सरकारला किंवा संस्थेला एकट्याने चढता येणार नाही, कारण ती उंबरठ्याची आहे. ती एका वेळी एका कुत्र्यासाठी, एकाच घराने ओलांडायची असते.