गेमचं दुकान स्टेशनबाहेरून मुलाच्या हातात कसं आलं

बोईसर, सरावली, खैरापाडा, तारापूर या पट्ट्यात आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या कुणापुढेही ‘व्हिडिओ गेम’ हा शब्द काढा. लाल-पांढरा डबा, पिवळी कॅसेट, मारिओ, काँट्रा, रणगाड्यांचा गेम. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची आणि पुन्हा दाबून बसवायची. हे सगळं सांगताना माणूस खूश होतो. पण त्याच माणसाला विचारा की तुमचा मुलगा आज फोनवर काय खेळतो आणि त्यात पैसे कुठे जातात, तर बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘काय माहीत बुवा, फुकटचाच आहे.’

या दोन उत्तरांच्या मध्ये चाळीस वर्षांचा इतिहास आहे. गेम किती बदलले, चित्रं किती खरी दिसू लागली, यावर भरपूर बोललं जातं. विकणाऱ्या कंपन्या या काळात घरातल्या कोणाशी बोलत होत्या, हे मात्र फारसं कुणी बघत नाही. म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, पण ज्यांच्या घरात पोरं आहेत त्यांनी सवडीने वाचा.

सुरुवात जपानपासून. जुलै १९८३ मध्ये निन्टेन्डोने तिथे एक यंत्र आणलं, किंमत १४,८०० येन. नाव काय ठेवलं? ‘फॅमिली कॉम्प्युटर’. म्हणजे नाव ठेवतानाच डोळ्यासमोर आईबाप होते. खेळणार पोरगा, पण पैसे काढणार बाप, आणि बापाला ‘कॉम्प्युटर’ आणि ‘फॅमिली’ हे दोन्ही शब्द बरे वाटतात.

त्याच वर्षी अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला होता. बाजारात निकृष्ट गेमचा इतका ढीग झाला की दुकानदार ‘व्हिडिओ गेम’ हे नावसुद्धा ऐकून घेईनात. निन्टेन्डो १९८५ मध्ये तिथे गेली ती वेश बदलूनच. यंत्राला गेम न म्हणता ‘एन्टरटेनमेंट सिस्टीम’ म्हटलं. कॅसेट वरून खोचायच्या ऐवजी व्हीसीआरसारखी पुढून आत सरकवायची सोय केली. सोबत एक छोटा प्लास्टिकचा रोबो दिला, म्हणजे दुकानदाराला वाटावं की हे खेळणं आहे. रोबोवर चालणारे गेम निघाले फक्त दोन. पण दुकानात पाय ठेवायचं काम त्याने केलं आणि मग मागून मारिओ आला.

इथे धंद्याचं गणित समजून घेऊ, कारण पुढे सगळीकडे तेच लागतं. यंत्र कमी नफ्यात, कधीकधी तोट्यातही विकायचं आणि कमाई गेममधून करायची. बाहेरच्या कंपनीने आपल्या यंत्रासाठी गेम बनवला तर तिच्याकडूनही वाटा घ्यायचा. अमेरिकेतल्या यंत्रात निन्टेन्डोने एक चिप बसवली होती. कंपनीची परवानगी नसलेली कॅसेट ती चिप चालू देत नसे. जपानच्या मूळ यंत्रात मात्र हे कुलूप नव्हतं. त्यामुळे त्या जपानी यंत्राच्या नकला जगभर निघाल्या, आणि त्याच आपल्या घरी आल्या.

भारतात निन्टेन्डोचं यंत्र ‘समुराई’ या नावाने आलं होतं. पण आपल्या आठवणीत राहिली ती नक्कल करणारी यंत्रं. ‘मीडिया’ कंपनीचा ‘लिटल मास्टर’ आठवतो का? हे विशेषण आपल्याकडे सुनील गावस्करांचं, त्यामुळे नाव ऐकल्याबरोबर ओळखीचं वाटायचं. पुढे कीबोर्ड लावलेले डबे आले. त्यात टायपिंग, थोडी गणितं आणि खाली तेच मारिओ. पुन्हा बोलणं बापाशीच: पोरगा कॉम्प्युटर शिकेल. एमआयडीसीत पाळी करणाऱ्या माणसाला दिवाळीच्या बोनसमधून काहीतरी घ्यायचं असेल, तर ‘शिक्षण’ हा शब्द फार उपयोगी पडायचा. काही जण मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून घेऊन यायचे, कुणाचा मामा आखातातून आणायचा. ज्यांना घेणं जमत नव्हतं ती पोरं तासावर पैसे देऊन खेळायची.

त्या पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असायचं. आत मोजून वीस-पंचवीस गेम, बाकी त्यांचीच उजळणी. या नकलांमधून मूळ कंपनीला एक रुपया गेला नाही. पण मारिओ कोण हे महाराष्ट्रातल्या लाखो पोरांना कळलं, तेही कंपनीने इथे जाहिरातीवर खर्च न करता. या ओळखीची किंमत पुढे वसूल झाली, ते खाली येईलच.

आता सेगा. अमेरिकेत निन्टेन्डोला हरवायला सेगाने वेगळी वाट धरली. १९९१ मध्ये ‘सॉनिक’ हा निळा काटेसाळ आला. सेगाने यंत्राची किंमत उतरवली आणि डब्यातच सॉनिकचा गेम देऊन टाकला. जाहिरातीत निन्टेन्डोची उघड टिंगल केली: ते लहान बाळांचं, आमचं मोठ्या पोरांचं. इथे पहिल्यांदा कंपनी आईबापाच्या डोक्यावरून थेट तेरा-चौदा वर्षांच्या मुलाशी बोलली. शाळेत आपण ‘बाळ’ ठरू नये म्हणून पोरगाच घरी हट्ट धरणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हेच यंत्र १९९५ मध्ये भारतात अधिकृतपणे आणलं शॉ वॉलेसने. होय, तीच मद्याच्या धंद्यातली कंपनी. आयात कर जबर आणि किंमत १८,००० रुपयांच्या घरात. त्या काळी आपल्याकडच्या कामगाराचा तो कित्येक महिन्यांचा पगार. पोराने कितीही हट्ट केला तरी बाप दुकानातूनच परत फिरायचा. म्हणजे मुलाशी थेट बोलण्याची युक्ती इथे चालली नाही, कारण मध्ये दुकान होतं, किंमत लिहिलेली चिठ्ठी होती आणि बाप होता. ही तीन अडथळ्यांची गोष्ट लक्षात ठेवा.

पुढची लाट २००६ ची. मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी एक्सबॉक्स ३६० भारतात आणला आणि चेहरे घेतले अक्षय कुमार आणि युवराज सिंग. २००७ मध्ये क्रिकेटचा एक गेम आला. इंग्लंडात त्याच्या डब्यावर ब्रायन लाराचं नाव, ऑस्ट्रेलियात रिकी पाँटिंगचं आणि भारतात युवराज सिंगचं. गेम तोच, नाव गिऱ्हाईक बघून. त्याच वर्षी सोनीचा प्लेस्टेशन ३ इथे आला तो ३९,९९० रुपयांना. एवढे पैसे आपल्याकडे फार जण देणार नाहीत हे सोनीलाही कळत होतं. म्हणून जुना, स्वस्त झालेला प्लेस्टेशन २ इथे बरीच वर्षं चालवला आणि त्यासाठी देशी गेम काढले. २००९ मध्ये ‘हनुमान: बॉय वॉरियर’ आणि विटीदांडू, कबड्डी, पतंग असलेला ‘देसी अड्डा’, दोन्ही हैदराबादचे. मग मुंबईतल्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’. शाहरुखच्या ‘डॉन २’ चा गेम फेब्रुवारी २०१३ मध्ये आला. प्लेस्टेशन २ चं उत्पादन थांबवल्याची बातमी त्याआधीच, जानेवारीत, आली होती. जगाने निरोप दिलेल्या यंत्रावर आपल्यासाठी नवा गेम! आपल्या बाजाराचा नंबर रांगेत कितवा होता, ते यावरून कळतं.

या सगळ्या काळात आपल्याकडची बहुतेक पोरं होती सायबर कॅफेत. तिथे दोन गेम राज्य करत होते: जीटीए वाइस सिटी (२००२) आणि ईएचा क्रिकेट ०७. ईएने त्यानंतर तसा क्रिकेटचा गेम पुन्हा काढला नाही, तरी लोक त्यात नव्या खेळाडूंची नावं, नव्या जर्सी स्वतः घालून वर्षानुवर्षं खेळत राहिले. कंपनीने सोडलेलं दुकान गिऱ्हाइकांनीच चालू ठेवलं.

आता वसुलीची गोष्ट. नवा गेम बनवायला प्रचंड पैसा लागतो आणि तो चालेलच याची खात्री नसते. जुनं नाव मात्र आधीच विकलं गेलेलं असतं. म्हणून नावापुढे आकडा लावायचा आणि दरवर्षी पुन्हा विकायचा. ईएने १९९३ पासून २०२२ पर्यंत फिफाचे गेम असेच काढले. २०२३ मध्ये फिफाशी करार संपला तेव्हा नाव बदललं, दरवर्षी विकणं तसंच राहिलं. जीटीए ५ हा एकच गेम २०१३, २०१४ आणि २०२२ अशा तीन वेळा, तीन पिढ्यांच्या यंत्रांवर विकला गेला. जीटीए ६ ची पहिली झलक डिसेंबर २०२३ मध्ये आली तेव्हा त्यात पुन्हा वाइस सिटी होती. सायबर कॅफेतला तो पोरगा आता कमावता आहे, हे कंपनीला माहीत आहे. आणि मारिओच्या सिनेमाने २०२३ मध्ये जगभरात १३० कोटी डॉलरहून जास्त गल्ला केला. बाप स्वतःची आठवण म्हणून गेला, सोबत पोराला घेऊन गेला. एका तिकिटात दोन पिढ्यांशी बोलणं झालं.

या जुन्या नावांचं काम आपल्या पुण्यातही होतं. युबिसॉफ्टचा स्टुडिओ तिथे २००८ पासून आहे. कॉम्प्युटर क्लासमध्ये आपण जो ‘प्रिन्स’ खेळायचो, त्याच मालिकेतल्या २००३ च्या गेमला नवं रूप द्यायचं काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. सप्टेंबर २०२० मध्ये झलक दाखवली, लोकांनी चित्रांवर नाकं मुरडली, तारीख पुढे ढकलली आणि २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं. लोकांच्या आठवणीशी जुळलं नाही की जुनं नावही वाचवत नाही, असा तो धडा. दुसरीकडे पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा पूर्ण स्वतःचा गेम केला. तो ऑगस्ट २०२० मध्ये आधी आला निन्टेन्डो स्विचवर, आणि हे यंत्र तेव्हा भारतात अधिकृतपणे विकलंच जात नव्हतं! गेम पुण्यात बनला आणि पहिलं दुकान मिळालं परदेशात.

एवढं सगळं झाल्यावर फोन आला, आणि वर सांगितलेले तिन्ही अडथळे गेले.

डबा गेला, कारण फोन घरात आहेच. किंमत गेली, कारण गेम फुकट आहे. दुकान कुठे गेलं? ते गेमच्या आत आलं. याची सुरुवात फोनच्याही आधीची. ईएने मार्च २००९ मध्ये फिफात ‘अल्टिमेट टीम’ आणली. पैसे देऊन बंद पाकीट घ्यायचं, आत कोणता खेळाडू निघेल ते नशीब. २०१८ मध्ये बेल्जियमने अशा पाकिटांना जुगार ठरवलं. मोबाइलवर हेच लहान लहान रकमांत आलं. आधी रुपयांचे ‘यूसी’ किंवा ‘डायमंड’ घ्यायचे, मग त्या नाण्यांनी बंदुकीचा रंग, अंगावरचा पोशाख. एकदा रुपयाचं नाणं झालं की किती गेले याचा हिशोब लागत नाही. हिशोब लागू नये म्हणूनच ते नाणं असतं.

सगळ्यात बोलकं उदाहरण पोकेमॉन गोचं. डिसेंबर २०१६ मध्ये हा गेम भारतात रिलायन्स जिओशी हातमिळवणी करून आला. तेव्हा रिलायन्सची खरीखुरी दुकानंच गेममधले थांबे झाली. पूर्वी दुकानात गेम असायचा, आता गेममध्ये दुकान.

मुलांना न कळत खरेदी करायला लावणारी बटणं हा काही माझा कल्पनाविलास नाही. फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिकने डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाशी ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले २४.५ कोटी अशा नकळत झालेल्या खरेदीच्या परताव्यासाठी होते आणि उरलेले मुलांची माहिती आईबापांना न विचारता गोळा केली म्हणून.

आपल्याकडे काय? ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ बंद केले. चांगलं झालं. पण पैसे देऊन नुसता पोशाख किंवा रंग घेणं त्या व्याख्येत बसत नाही. दुसरा कायदा २०२३ चा, वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा. अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून त्यांना नेमक्या जाहिराती दाखवायला तो मनाई करतो आणि पालकांची संमती मागतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींसाठी कंपन्यांना दीड वर्षाची मुदत मिळाली. आता ही ‘पालकांची संमती’ प्रत्यक्षात कशी घेतली जाणार? आपल्याकडे कित्येक घरांत पोराचा फोन बापाच्या नावावर आणि बापाच्या यूपीआयवर चालतो. बाप दुसऱ्या पाळीला, फोन पोराकडे. कागदावर संमती देणारा आणि खेळणारा एकच. कायद्यातली ही फट घरातच बुजवायला लागेल.

फोन हिसकावून घ्या, असं मी म्हणत नाही. आपणही खेळलो, मजा आली, वाया गेलो नाही. फरक इतकाच की तेव्हा कंपनीला आपल्यापर्यंत यायला आईबापाला पटवावं लागायचं. आज ती गरज उरलेली नाही.

म्हणून एवढंच करा. रविवारी पोराशेजारी बसा, त्याचा गेम उघडायला सांगा आणि विचारा, ‘यातलं दुकान कुठे आहे, दाखव.’ तो दोन सेकंदांत दाखवेल. कुठलं नाणं किती रुपयांचं, ते त्यालाच मोजायला लावा. खरेदीला पासवर्ड लावा. आणि शाळेच्या पुढच्या पालकसभेत मार्कांचं बोलून झालं की हा विषयही काढा. सरावलीतल्या एका वर्गात चाळीस पोरं असतील तर चाळीस दुकानं उघडी आहेत, आणि त्या गल्ल्यावर आपल्यापैकी कुणीच बसलेलं नाही.