बाड, छापा आणि मोबाईल

दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून हा अंक निघतो आहे. संपादक मंडळींनी आम्हाला सांगितलं, की दिंडीत ग्रंथ कसे आले, कसे टिकले, ते तुम्ही लिहा. आमचं शिक्षण चौथी. ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाली असंल तर वाचणाऱ्यांनी पदरात घ्यावी. पण सांगण्यासारखं पुष्कळ आहे, म्हणून लेखणी धरली.

दिंडी सुरू झाली तेव्हा सगळा कारभार बाडावर चालायचा. बाड म्हंजे एका बाजूनं शिवलेली लांबट पानांची हातानं लिहिलेली वही. काकडा, भूपाळ्या, हरिपाठ, वारांचे अभंग, गौळणी, काल्याचे अभंग सगळं त्यात. पावसात भिजू नये म्हणून मेणकापडात गुंडाळून पडशीत ठेवायचे. वाचता येणारं माणूस दिंडीत एखाद-दुसरं. ते म्हणायचं, बाकीचे मागनं धरायचे आणि तीन-चार वाऱ्यांत पाठ करून टाकायचे. आमच्या आज्याला अंगठ्यापलीकडं काही येत नव्हतं, पण काकड्याचा एक अभंग इकडचा तिकडं झालेला त्याला खपत नव्हता.

ते मूळ बाड आज नाही. दिंडी काढणारे बाबा वैकुंठवासी झाल्यावर घरच्यांनी पानं जीर्ण झाली म्हणून, भक्तीनंच, नदीत सोडलं. जीर्ण पोथी पायाखाली येऊ नये म्हणून पाण्यात सोडायची रीत आहे, त्यात त्यांचा दोष नाही. पण त्यात बाबांचे स्वतःचे अभंग होते. कुणाला दोन चरण आठवतात, कुणाला एक. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीनं तेरा दिवसांनी परत दिल्या असं आपण कीर्तनात सांगतो. आमच्या नदीनं बाड दिलं नाही. तेव्हापासून आम्हाला ध्यास लागला, की संतांचे शब्द आपल्यापर्यंत आले तरी कसे, आणि वाटेत सांडलं किती.

ज्ञानेश्वरी नेवाशाला झाली, शके १२१२, म्हंजे इसवी सन १२९०. माऊली बोलले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं. ती पहिली लिहिलेली प्रत आज उरलेली नाही. पुढं नकलेवरून नकल होत गेली. लिहिणाऱ्याला एखादा शब्द कळला नाही तर त्यानं सोपा घातला, कुणी आपल्या पदरची ओवी घातली. असं जवळजवळ तीनशे वर्षं चाललं. मग पैठणच्या एकनाथमहाराजांनी अनेक प्रती समोर ठेवून, ताडून, शके १५०६ मध्ये म्हंजे १५८४ ला शुद्ध प्रत केली. इथून पुढं कुणी यात आपली ओवी घालील तर ती अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल, अशा अर्थाची ताकीद देऊन ठेवली. प्रती गोळा करायच्या, ओळीला ओळ लावून बघायची, मग पाठ ठरवायचा, हे काम आज विद्यापीठातले लोक करतात. नाथमहाराजांनी ते चारशे वर्षांमागं केलं. आम्हाला त्यांच्या भारुडांइतकंच या कामाचं मोल वाटतं, पण कीर्तनात त्याचा उल्लेख कमी होतो.

छापा आला तो इंग्रजांच्या अमदानीत. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ ला ज्ञानेश्वरी शिळाछापावर काढली. तुकोबांची गाथा मुंबई सरकारच्या खर्चानं १८६९ आणि १८७३ अशा दोन भागांत निघाली. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या हातच्या वह्या मिळवून ती तयार केली. सरकारनं त्याला २४,००० रुपये दिले, त्या काळचे. पुढं वि. का. राजवाड्यांनी बीडजवळ पाटांगणला मिळालेली, नाथांच्या आधीची म्हणून एक पोथी १९०९ ला छापली. वि. ल. भाव्यांनी संताजी जगनाड्यांच्या वहीवरून तुकोबांचे अभंग छापले. १९१७ ला जोगमहाराजांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, आणि शेतकऱ्याचं पोर गाथा-ज्ञानेश्वरी शिकून गावी कीर्तनाला उभं राहायला लागलं. आमच्या दिंडीतले दोघं तिथं शिकून आले.

हे सगळं झालं तरी आमच्यासारख्याच्या घरी काय होतं? एक सार्थ ज्ञानेश्वरी, एक गाथा, एक भजनी मालिका. राजवाड्यांची प्रत, भाव्यांची गाथा ही नावं आम्ही नुसती ऐकलेली. एकदा शहरात एका मोठ्या ग्रंथालयात आम्ही विचारायला गेलो, तर सभासदाशिवाय हात लावता येत नाही म्हणाले. धोतर-टोपी बघून म्हणाले का नियमच होता, देव जाणे. परत आलो.

मग २०२० साल आलं. रोगाच्या साथीमुळं वारी बंद झाली, पालख्या एसटीनं पंढरीला गेल्या आणि दिंड्या घरी बसल्या. सगळ्या जन्मात आषाढीला आम्ही घरी कधी राहिलो नव्हतो. त्या उदासवाण्या दिवसांत नातीनं मोबाईल पुढं केला आणि म्हणाली, आबा, कुठलं पुस्तक पाहिजे ते सांगा. आम्ही चेष्टेनं म्हणालो, भाव्यांची गाथा काढ. तिनं इंटरनेट आर्काइव्ह नावाचं काही उघडलं आणि थोड्या वेळानं जुन्या टाइपातलं पिवळं पान आमच्या तळहातावर आलं. आम्ही मोबाईल कपाळाला लावला. नात हसली, पण आमच्या डोळ्यांतनं पाणी आलं.

दिंडीतल्या पोरांना उपयोग व्हावा म्हणून, आम्ही काय शिकलो ते सांगतो. आपल्या देशात लेखक गेल्यावर ६० वर्षांनी त्याचं पुस्तक सगळ्यांचं होतं. त्यामुळं शंभर वर्षांमागची पुष्कळ मराठी पुस्तकं पानाचा फोटो काढून आर्काइव्हवर ठेवलेली आहेत, फुकट उतरवून घेता येतात. पण तिथं पुस्तकाची नावं बहुतेक इंग्रजी अक्षरांत आणि कशीही लिहिलेली. ज्ञानेश्वरी शोधायची तर ज्ञानेश्वरी, ज्ञानदेवी, भावार्थदीपिका, आणि तीच नावं इंग्रजी अक्षरांत दोन-तीन तऱ्हेनं घालून बघावी लागतात. वर नाव एक आणि आत पुस्तक दुसरंच, असंही होतं. म्हणून आधी मुखपृष्ठ उघडून वाचायचं, कुणी छापलं, कोणत्या साली, मग पुढं जायचं. मराठी विकिस्रोतावर काही जुनी पुस्तकं पानाचा फोटो आणि शेजारी टाइप केलेला मजकूर अशी आहेत, तिथं ताडून बघायला सोपं पडतं. राज्य सरकारच्या साहित्य आणि संस्कृती मंडळानंही आपली पुस्तकं फुकट ठेवली आहेत. संतांची माहिती एका जागी पाहिजे तर मराठी विश्वकोश.

एक खबरदारी. नुसत्या टाइप केलेल्या मजकुरावर भरवसा ठेवू नका. एका ठिकाणी आम्ही ‘स्मरण’चं ‘मरण’ झालेलं बघितलं. अर्धा स गळाला, आणि नाम घेणाऱ्याला मरण लागलं! शंका आली की छापील पानाचा फोटो शोधायचा. आणि अभंगाचा नुसता आकडा सांगून भांडू नका. सरकारी गाथेतला आकडा जोगमहाराजांच्या सार्थ गाथेत जुळत नाही. पहिला चरण सांगा.

आता शब्दकोशाचं. अमेरिकेत शिकागोचं विद्यापीठ आहे. त्यांनी मराठीचे जुने शब्दकोश मोबाईलवर शोधता येतील असे ठेवलेत. मोल्सवर्थसाहेबाचा १८५७ चा, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, आणि शं. गो. तुळपुळे व अॅन फेल्डहाउस या बाईंनी केलेला जुन्या मराठीचा कोश, १९९९ चा. दाते-कर्व्यांचा मराठीतनं मराठी आहे, तो आम्हाला वाचता येतो. बाकीच्या दोन्हींत अर्थ इंग्रजीत, तिथं नात लागते.

आणि इथंच आमची चूक उघडी पडली, ती या अंकात लिहून ठेवणं आम्हाला भाग आहे. तीस वर्षं आम्ही कीर्तनात पसायदान सांगताना म्हणत आलो, की पसा म्हंजे हाताचा खोलगा, पसाभर दाणे. खळ्यावर वासुदेव आला की आपण झोळीत पसाभर घालतो ना, तसं माऊलींनी देवाकडं पसाभरच मागितलं, केवढी ही नम्रता! माणसं माना डोलवायची. आम्हाला ते आमच्या वडीलधाऱ्या कीर्तनकारांनी सांगितलेलं. कोशात बघितलं तर पसाय हा शब्द प्रसादावरनं आलेला. प्रसाद, त्याचं प्राकृतात पसाय. म्हंजे पसायदान हे कृपेचं दान, प्रसादाचं दान. पशाचा तिथं संबंध नाही. आणि नीट विचार केला तर नऊ ओव्यांत माऊली मागतात काय? दुष्टांचा दुष्टपणा जावा, सगळ्या जीवांची मैत्री व्हावी, ज्याला जे पाहिजे ते मिळावं. हे कुणाच्या पशात मावायचं? आमचा अर्थ आमच्याच खळ्यावरनं आलेला होता.

दोन रात्री झोप आली नाही. मग पुढच्या एकादशीला कीर्तनात उभं राहून सांगितलं, की मंडळी, आजवर सांगितलं ते चुकीचं होतं. एक जुने टाळकरी रागावले. म्हणाले, आपल्या वडील मंडळींनी सांगितलं ते खोटं का? आम्ही म्हणालो, बाबा, त्यांच्यापाशी कोश नव्हता, आपल्यापाशी आहे. ते असते तर त्यांनीच आधी सुधारलं असतं. ते गप बसले, पण मनातनं पटलं नाही असं वाटतं. अजून कुठं कुठं पसाभर दानाचं कीर्तन ऐकू येतं.

उलटंही घडलं. दोन वर्षांमागं मोबाईलवर आलेला एक अभंग आम्हाला फार आवडला, शेवटी तुकोबांची नाममुद्रा होती, आम्ही तो कीर्तनात घेतला. खाली उतरलो तर दिंडीतल्या एक आजी जवळ आल्या. त्यांना अक्षरओळख नाही. म्हणाल्या, ‘माऊली, चाल चांगली होती, पर ह्यो अभंग तुकोबांचा न्हाई.’ आम्ही घरी येऊन सरकारी गाथा बघितली, जोगमहाराजांची बघितली, भाव्यांची बघितली. कुठंच नव्हता. तीन गाथा धुंडाळून आम्हाला जे कळलं ते आजींना ऐकताक्षणी कळलं होतं. नाथमहाराजांची करवंटी आता मोबाईलवरनं येते, आणि एका दिवसात हजार ताटांत जाते. नाममुद्रा बघून फसू नका. गाथेत सापडत नाही तोवर फडावर म्हणायचं नाही, असा नेम आम्ही त्या दिवसापासून धरला.

अशा आजी-आजोबांना आम्ही म्हणायला लावतो आणि नात मोबाईलवर आवाज धरून ठेवते. बाबांच्या बाडातल्या अभंगांचे सात चरण अशा रीतीनं मिळाले. पुरा अभंग अजून एकही नाही.

तेव्हा वाचणाऱ्या माऊलींना विनंती. ज्यांच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, देव्हाऱ्यामागं जुनं बाड, फाटकी पोथी, मोडीतला कागद असंल, त्यांनी तो नदीत सोडू नये. कसरीनं खाल्लेला असला तरी चालंल. कार्तिकी एकादशीला मंदिरात घेऊन यावा. सावलीत, उजेडाकडं तोंड करून, चटईवर एकेक पान ठेवून फोटो काढायचा, पान ओढायचं नाही, जोर द्यायचा नाही, हे पोरं शिकली आहेत. फोटो झाले की बाड तुमचं तुमच्या हाती परत मिळंल. मोडी वाचणारे एक गुरुजी तालुक्याला आहेत, ते यायला तयार आहेत. आणि बाबांच्या अभंगाचा एखादा चरण कुणाच्या आईच्या, आत्याच्या तोंडी असंल तर तिला बरोबर आणा. गाडीभाडं दिंडी देईल.