पिकण्याआधीचे पीक

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या तालुक्यांत, म्हणजे जामखेड, कर्जत, श्रीगोंदा, पारनेर, पाथर्डी या पट्ट्यात, रब्बी ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून पेरली जाते, काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते आणि पौष-माघात हुरड्यात येते. हुरड्याबद्दल आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा आगटीच्या धगीबद्दल आणि लसणाच्या चटणीबद्दल. ते चविष्ट असते, पण इतिहास त्यात हरवतो. माझे म्हणणे असे की हुरडा ही दाण्याच्या वाढीतली एकच अवस्था हेरून तिच्यासाठी वेगळे वाण राखणारी जुनी शेती आहे. ते वाण पिढ्यानपिढ्या निवडताना इथल्या शेतकऱ्यांनी प्रत्यक्षात दाण्यातली जनुके केव्हा आणि किती नेटाने काम करतील याचीच निवड केली.

फुलोऱ्यानंतर दाणा भरू लागतो तेव्हा पानांत तयार झालेली साखर कणसाकडे वाहते. दाणा आधी चिकात असतो. नखाने दाबला तर दुधासारखा रस निघतो. भ्रूणपोषाच्या, म्हणजे दाण्यातल्या साठवणीच्या पेशींत या साखरेचे स्टार्च करणारी विकरे कामाला लागलेली असतात, पण काम पुरे झालेले नसते. त्याच पेशींत केफिरिन नावाची साठवणीची प्रथिने जमू लागतात. केफिरिनची जनुके ज्वारीच्या मुळांत आणि पानांतही असतात, तिथे मात्र ती गप्प असतात. भ्रूणपोषात, तेही दाणा भरण्याच्या दिवसांत, काही नियामक प्रथिने या जनुकांलगतच्या डीएनएवर बसतात आणि त्यांना जागे करतात. ज्वारीच्या भावकीतल्या मक्यात असे ओपेक-२ नावाचे नियामक जनुक १९८०च्या दशकात संशोधकांच्या हाती लागले. प्रथिन तयार झाले म्हणून गोष्ट संपत नाही. दाणा पक्व होताना केफिरिनचे रेणू गंधकाच्या बंधांनी एकमेकांना जखडतात. दाणा पिकत जातो तशी शिजवलेल्या ज्वारीतल्या प्रथिनांची पचनीयता घटते आणि त्याचा संबंध या जखडण्याशी आहे, हे अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९५ साली मांडले. हुरड्याचे दिवस नेमके या जखडण्याच्या अलीकडचे: चीक घट्ट झालेला, साखर शिल्लक, प्रथिने अजून सैल. थंडीने दाणा भरण्याचा वेग मंदावतो, म्हणून रब्बीत हे दिवस थोडे लांबतात. तरी चुकले की दाणा निबर.

आता पुरावा वाणांचा. गुळभेंडी, सुरती, कुचकुची, काळी दगडी ही नावे मुख्यतः हुरड्यासाठीच घेतली जातात. त्यांच्यात शोधले जाते ते गोडी, दाण्याचा मऊपणा आणि कणीस तळव्यावर चोळताच बोंडातून दाणा सुटणे. हुरड्याच्या काही गोड वाणांचा पक्व दाणा बसका, खळगा पडलेला निघतो, कारण साखरेचे स्टार्च पुरते झालेलेच नसते. सुकताना तो आत ओढला जातो. टेक्सासच्या कार्पर आणि क्विन्बी यांनी ज्वारीतल्या अशा शर्करायुक्त भ्रूणपोषाचे विवेचन १९६३ साली केले. कोठारात असा दाणा तोट्याचा: वजनाला हलका, भाकरीला दुय्यम. जे वाण पिकल्यावर मालदांडीसारख्या भाकरीच्या वाणापुढे टिकत नाही, ते कोणी पिढ्यानपिढ्या कशाला पेरील? पिकण्याआधीच्या त्या थोड्या दिवसांसाठीच, याखेरीज दुसरे उत्तर मला सुचत नाही.

यावर पहिला आक्षेप भुकेचा. अहिल्यानगर हा पर्जन्यछायेतला, १८७६-७८ आणि १९७२ चे दुष्काळ सोसलेला जिल्हा. सुगीच्या आधी घरातले धान्य संपले की माणसे कोवळी कणसेच भाजून खाणार, त्यात निवड कसली? हुरड्याची सुरुवात अशी झाली असेलही. पण भुकेल्या माणसाला समोर उभी असलेली कोणतीही ज्वारी चालते. हुरड्यासाठी वेगळे बी वर्षभर जपून ठेवण्याची आणि चार ओळी वेगळ्या पेरण्याची गरज भुकेने समजावता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भाजलेला दाणा उगवत नाही, मग ज्याची चव आवडली त्याचेच बी पुढे गेले हे कशावरून? इथे ज्वारीचा स्वभाव मदतीला येतो. ती बहुतांशी स्वपरागित आहे, त्यामुळे एका कणसाच्या बियांतून आलेली ताटे एकमेकांसारखीच निघतात. एक कणीस भाजून पाहायचे आणि शेजारचे पिकू द्यायचे, किंवा उभ्या कणसाचे चार दाणे चाखून बाकीचे राखायचे, एवढ्याने निवड साधते. शेजारच्या ताटाचा पराग पडला तर गोडीचा हा अप्रभावी गुण त्याच हंगामाच्या दाण्यात झाकला जातो, कारण भ्रूणपोषात बापाचाही वाटा असतो. पण ज्वारीत हे क्वचित घडते. जनुकांचे नावही माहीत नसताना त्यांच्या निवडीचे श्रेय शेतकऱ्याला देणे हा काळाचा घोळ आहे, असेही कोणी म्हणेल. ज्ञानाचे श्रेय मीही देत नाही. चवीची बारकाई मात्र त्यांचीच होती, आणि निवडीला तेवढी पुरते.

जिल्ह्याच्या उत्तरेत ही परंपरा लवकर मागे पडली. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, ऊस आला, पुढे लोणीचा सहकारी कारखाना आला, आणि बागायतात ज्वारीला जागा उरली ती कडेकडेची. गंमत अशी की महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले ते याच बागायती राहुरीत, आणि हुरड्यासाठीची फुले उत्तरा आणि फुले मधुर ही वाणे तिथलीच. आता हुरडा नगर-पुणे रस्त्याकडेच्या शेतांत तिकीट लावून विकला जातो, म्हणून बियाण्याला मागणी आहे. नव्या वाणांची पारख मात्र जुन्याच कसोट्यांवर होते: गोडी, मऊपणा, आणि चोळताच सुटणारा दाणा.