दारुखान्याची जमीन कोणाची?

मंडळी, उमापुरात बसून मुंबईच्या गोदीची चर्चा कशाला, असं वाटेल. पण ती जमीन सरकारी, म्हणजे तुमचीही.

१८६०च्या दशकात, कापसाच्या तेजीत, एल्फिन्स्टन कंपनीने पूर्व किनाऱ्यावर भर घातली. १८६५ला तेजी बसली. किनारा खासगी मक्तेदारीत अडकेल या भीतीने सरकारने १८७०मध्ये कंपनीची मालमत्ता विकत घेतली. १८७३ला पोर्ट ट्रस्ट झाला. आपलाच किनारा पैसे मोजून सोडवावा लागला, बघा!

पुढे माझगावजवळ दारुखान्यात जुनी जहाजं तोडली जाऊ लागली. जहाज म्हणजे नुसतं लोखंड नव्हे हो. तेल, शिशाचा रंग, ॲस्बेस्टॉस, सगळं चिखलात उतरतं. तोडणारे मजूर जवळच झोपड्यांत राहिले.

२०१४ला राणी जाधव समिती नेमली गेली, तेव्हापासून या पट्ट्यात मोकळ्या जागांची, विकासाची भाषा चालू आहे. बागेला माझा विरोध नाही. पण वर हिरवळ अंथरली म्हणून खालचं शिसं जात नाही. आधी माती तपासा. उपसलेला गाळ कुणाच्या दारात टाकणार, ते लेखी घ्या. आणि तिथे घरं बांधलीच, तर पहिल्या यादीत त्या झोपड्यांतली माणसं हवीत.