दोषनिवेदनातून नवजीवन : बौद्ध संघाची परंपरा आणि इंद्रायणीचे खोरे

भारतीय संस्कृतीच्या जडणघडणीत श्रमण परंपरेचे स्थान अनन्यसाधारण आहे. या परंपरेच्या जैन आणि बौद्ध या दोन धारा एकाच काळी, मगध आणि कोसलाच्या एकाच भूमीत वाहिल्या. राजगृह, वैशाली, श्रावस्ती ही नगरे दोन्हींना सारखीच परिचित होती. ज्या बिंबिसार राजाचा उल्लेख बौद्ध ग्रंथांत वारंवार येतो, तोच जैन आगमांतील राजा श्रेणिक. आणि त्याचा पुत्र अजातशत्रू म्हणजेच कुणिक. आलोचना, प्रतिक्रमण आणि क्षमापना हे शब्द जैन कुटुंबांत बालवयापासून कानावर पडतात. मानवी मनाला सतावणारा तोच प्रश्न बौद्ध संघापुढेही होता : हातून घडलेल्या दोषाचे पुढे काय करावयाचे?

बौद्ध परंपरेने याचे जे उत्तर दिले ते थोडक्यात असे : घडलेले पुसता येत नाही, परंतु लपविलेले उघड करता येते, आणि उघड केल्यानंतरच पुढचे पाऊल शुद्ध पडू शकते. या उत्तराचा इतिहास मगधात सुरू होतो. पण त्याचे काही महत्त्वाचे अवशेष निघोजे, देहू, आळंदी हा परिसर ज्या खोऱ्यात वसला आहे, त्या इंद्रायणीच्या खोऱ्यातच आढळतात.

वर्षावास आणि उपोसथ

बौद्ध संघातील दोषनिवेदनाची व्यवस्था दोन प्रथांवर उभी आहे : पंधरवड्याचा उपोसथ आणि पावसाळ्यातील वर्षावास. या दोन्ही प्रथांच्या उगमाविषयी पाली विनयपिटकाच्या महावग्गात मोकळेपणाने सांगितले आहे. अन्य पंथांचे परिव्राजक अष्टमी, चतुर्दशी आणि पौर्णिमा-अमावास्येला एकत्र जमून धर्मचर्चा करतात, लोक त्यांच्याकडे ओढले जातात; आपल्या भिक्षूंनीही तसे का करू नये, असे बिंबिसाराने बुद्धांना सुचविले. बुद्धांनी ती सूचना स्वीकारली. पुढे या सभेत ‘पातिमोक्ख’ म्हणजे संघाच्या नियमांचे पठण होऊ लागले.

वर्षावासाची हकीकत तर जैन वाचकाला विशेष जवळची वाटावी अशी आहे. हे शाक्यपुत्रीय श्रमण पावसाळ्यातही हिंडतात, हिरवे गवत तुडवितात, एकेंद्रिय जीवांना पीडा देतात आणि लहानसहान प्राण्यांचा घात करतात. इतर पंथांचे साधू मात्र पावसाळ्यात एका जागी राहतात, अशी तक्रार लोकांनी केली. त्यावर बुद्धांनी भिक्षूंना पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. लोकांनी दाखविलेली उणीव मान्य करून नियम बदलण्याची ही वृत्तीच पुढे संघाच्या प्रायश्चित्तविधानाचा गाभा बनली.

दोषांची प्रतवारी

पाली परंपरेत भिक्षूंसाठी २२७ नियम आहेत; अन्य निकायांत ही संख्या थोडी कमीअधिक होते. पठण करणारा भिक्षू प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस सभेला तीन वेळा विचारतो की, आपण या बाबतीत शुद्ध आहात ना? मौन म्हणजे शुद्धतेची ग्वाही. दोष आठवत असूनही जो मौन राखतो, त्याच्यावर जाणूनबुजून असत्याचा दोष येतो. म्हणून पठणापूर्वीच भिक्षूने दुसऱ्या भिक्षूसमोर आपला दोष सांगावयाचा असतो. ऐकणारा त्याला एवढेच विचारतो की, हा दोष तुला दोष म्हणून दिसतो काय. आणि होकार मिळाल्यावर पुढे संयम राखण्यास सांगतो. येथे देवाची करुणा भाकणे नाही की दंड भरणे नाही. दोष डोळसपणे पाहणे, सांगणे आणि सावरणे या तीन पायऱ्यांत सामान्य दोषाची शुद्धी पूर्ण होते.

गंभीर दोषांसाठी व्यवस्था अधिक कठोर होती. ‘संघादिसेस’ या १३ दोषांच्या बाबतीत एका भिक्षूसमोरील निवेदन पुरेसे नसे. अशा भिक्षूला सहा रात्री ‘मानत्त’ नावाचे व्रत पाळावे लागे. त्याने दोष लपविला असेल, तर जितके दिवस लपविला तितके दिवस आधी ‘परिवास’ पाळावा लागे. या काळात त्याने शुद्ध भिक्षूंकडून वंदन स्वीकारावयाचे नाही, शेवटचे आसन घ्यावयाचे आणि विहारात येणाऱ्या भिक्षूंना आपली स्थिती स्वतःहून सांगावयाची. मात्र काळ पूर्ण झाल्यावर किमान वीस भिक्षूंचा संघ त्याला पुन्हा सन्मानाने सामावून घेई. या विधीला ‘अब्भान’ म्हणत. मैथुन, चोरी, मनुष्यवध आणि अप्राप्त सिद्धीचा खोटा दावा या चार ‘पाराजिक’ दोषांना मात्र परतीचा मार्ग नव्हता. असा मनुष्य भिक्षू राहू शकत नसे.

जैन छेदसूत्रांतील प्रायश्चित्तांची चढती श्रेणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे साम्य सहज जाणवेल. भेदही तितकाच लक्षणीय आहे. जैन परंपरेत तपाने कर्माची निर्जरा होते. बौद्ध परंपरेने देहदंडापेक्षा मनातील चेतनेला आणि पुढील संयमाला अधिक महत्त्व दिले. या मुद्द्यावर दोन्ही श्रमण परंपरांमध्ये वाद झाल्याचे पाली ग्रंथांतही नमूद आहे. तथापि, मनातल्या मनात खंत करणे पुरेसे नाही, दोष अधिकारी व्यक्तीसमोर उच्चारला पाहिजे, याविषयी दोघांचे एकमत आहे.

प्रवारणा आणि गवताचे आच्छादन

वर्षावासाच्या शेवटी आश्विन पौर्णिमेला ‘प्रवारणा’ होते. तिचा उगमही बोधप्रद आहे. कोसल देशात काही भिक्षूंनी भांडण टाळण्यासाठी संपूर्ण वर्षावास मौन पाळला आणि आपण किती सुखाने राहिलो हे बुद्धांना अभिमानाने सांगितले. बुद्धांनी त्यांची प्रशंसा केली नाही. एकमेकांशी न बोलता राहणे म्हणजे जनावरांसारखे राहणे होय, अशा शब्दांत त्यांनी कानउघाडणी केली आणि प्रवारणेचा नियम दिला. या विधीत प्रत्येक भिक्षू, अगदी ज्येष्ठातला ज्येष्ठही, संघाला विनंती करतो की माझ्याविषयी काही पाहिले असेल, ऐकले असेल वा शंका आली असेल, तर ते करुणेने मला सांगावे. उपोसथात मनुष्य स्वतःचा आठवलेला दोष सांगतो. प्रवारणेत तो स्वतःला न दिसलेला दोषही दुसऱ्यांकडून मागून घेतो.

एकत्र राहणाऱ्यांत कलह होणारच, हेही संघाने गृहीत धरले होते. कधी दोन्ही पक्षांच्या हातून इतके अपशब्द आणि अपकृत्ये घडतात की, एकेकाची चौकशी केल्यास वैर वाढतच जावे. अशा वेळी ‘तिणवत्थारक’ म्हणजे गवताने झाकण्याचा उपाय सांगितला आहे. दोन्ही पक्षांतील एकेका समर्थ भिक्षूने आपल्या पक्षाच्या वतीने दोष कबूल करावेत आणि वाद तेथेच मिटवावा. गंभीर दोष आणि गृहस्थांशी संबंधित दोष मात्र या आच्छादनाखाली घालता येत नाहीत. कोणत्याही सामाजिक संस्थेने मनन करावे अशी ही तरतूद आहे.

अजातशत्रू आणि अंगुलिमाल

कबुलीने भूतकाळ नाहीसा होतो काय, या प्रश्नाला बौद्ध ग्रंथांनी अजातशत्रूच्या कथेतून स्पष्ट उत्तर दिले आहे. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तानुसार एका पौर्णिमेच्या रात्री हा राजा जीवकाच्या आम्रवनात बुद्धांकडे आला आणि राज्यलोभाने पित्याचा वध केल्याची कबुली त्याने दिली. बुद्धांनी त्याचे निवेदन स्वीकारले. दोषाला दोष म्हणून पाहून पुढे संयम राखणे यातच आर्यांच्या विनयात वृद्धी आहे, असे सांगितले. परंतु तो निघून गेल्यावर ते भिक्षूंना म्हणाले की, याने पितृवध केला नसता तर आज याच आसनावर त्याला धर्मदृष्टी लाभली असती. कबुली खरी होती, पण परिणाम टळला नाही. जैन परंपरेतील कुणिकाची कथाही अशीच हृदयद्रावक आहे : पश्चात्ताप होऊन तो बंदिवासातील पित्याच्या बेड्या तोडण्यास कुऱ्हाड घेऊन धावला; पण तो वधासाठीच येत आहे असे समजून श्रेणिकाने प्राणत्याग केला. उशिरा आलेला पश्चात्ताप किती असहाय असतो, हे दोन्ही कथा दोन रीतींनी सांगतात.

दरोडेखोर अंगुलिमाल भिक्षू झाल्यावरही श्रावस्तीच्या रस्त्यांवर लोकांनी त्याला दगड मारले. डोके फुटलेल्या, चीवर फाटलेल्या अंगुलिमालाला बुद्धांनी ते सोसण्यास सांगितले. हे त्याच्याच कर्माचे फळ होते. नवजीवन मिळाले, परंतु मागील हिशोब सोसूनच.

अशोकाचा शिलालेख सोपाऱ्यात

पश्चात्तापाचे भारतीय इतिहासातील सर्वांत मोठे उदाहरण सम्राट अशोकाचे. राज्याभिषेकानंतर आठ वर्षांनी झालेल्या कलिंगयुद्धात दीड लाख लोक बंदी करून नेले गेले आणि एक लाख मारले गेले, हे त्याने स्वतःच तेराव्या शिलालेखात कोरवून ठेवले. विजेत्या राजाने आपल्या विजयाचे दुःख दगडावर नोंदवावे, ही जगाच्या इतिहासात दुर्मीळ घटना होय.

महाराष्ट्रात या परिवर्तनाचा पुढचा टप्पा सापडतो. वसईजवळील सोपारा येथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत. अभिषेकानंतर दहा वर्षांनी आपण संबोधीस गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या, असा या आठव्या लेखाचा आशय आहे. मृगया गेली, श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन, वृद्धांना साहाय्य आणि प्रजेशी धर्मसंवाद आला. पश्चात्ताप खरा की खोटा, हे नंतरच्या दिनचर्येवरून ओळखावे, हाच त्यातील बोध.

इंद्रायणीच्या खोऱ्यातील लेणी

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून सह्याद्रीत बौद्ध लेणी कोरली जाऊ लागली. भाजे, कार्ले, पवनेच्या खोऱ्यातील बेडसे, तळेगावजवळील शेलारवाडी आणि उत्तरेकडे जुन्नरचा विशाल लेणीसमूह हा सारा पुणे जिल्ह्याचा वारसा आहे. वर्षावासासाठी भिक्षूंना पावसापासून निवारा हवा होता. सह्याद्रीच्या मुसळधार पावसात दगडी लेण्यांचे मोल काय असेल, हे सांगावयास नको.

कार्ल्याचा शिलालेख या संबंधाची साक्ष देतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याने ‘वलुरक’ येथील लेण्यांत राहून वर्षावास करणाऱ्या चारी दिशांच्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दान दिले. दान केवळ राजांचेच नव्हते. शेलारवाडीच्या लेखात धेनुकाकट येथील एका शेतकऱ्याच्या पत्नीने, आपल्या मुलासह, लेणे दान दिल्याची नोंद आहे. जेथे संघ तेथे उपोसथ, हा विनयाचा नियम. त्यामुळे दर पंधरवड्याचे दोषनिवेदन आणि वर्षाअखेरची प्रवारणा या डोंगरांत शतकानुशतके होत राहिली असणार.

याच मावळात कामशेतजवळ पाले येथील लेण्यात अरहंतांना नमन करून सुरू होणारा ब्राह्मी लेख आहे. भदंत इंद्ररक्षिताने लेणे आणि पाण्याचे टाके करविल्याचे तो सांगतो. डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो प्रसिद्ध केला व जैन मानला. महाराष्ट्रातील प्राचीनतम जैन लेखांत त्याची गणना होते. दोन्ही श्रमण परंपरांचे साधक एकाच खोऱ्यात पावसाळा काढीत होते, या विचाराने कोणाचेही मन भारावून जावे.

पुनरुज्जीवन

कालौघात संघ लेणी सोडून गेला. शेलारवाडीत घोरावडेश्वराचे शिवस्थान झाले, कार्ल्याच्या चैत्यासमोर एकवीरा देवीचे मंदिर उभे राहिले. विसाव्या शतकात मराठी वाचकाला संघाच्या नियमांची ओळख प्रामुख्याने धर्मानंद कोसंबी यांनी करून दिली. गोव्यात १८७६ मध्ये जन्मलेले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविणारे हे पंडित ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ या ग्रंथाचेही लेखक. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी अन्नत्याग करून ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे देह ठेवला. बौद्ध विद्येला वाहिलेल्या जीवनाची सांगता जैन सल्लेखनेच्या आदर्शाने झाली.

त्यानंतर सात वर्षांनी, २५ डिसेंबर १९५४ रोजी, इंद्रायणीकाठच्या देहूपासून जवळच असलेल्या देहूरोड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हस्ते ब्रह्मदेशातून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. हेही नवजीवनच, परंतु त्याचे स्वरूप निराळे होते. दीक्षा घेणाऱ्यांनी अपराध केला नव्हता, अपराध सोसला होता. दोषाला दोष म्हणून पाहण्याचे कर्तव्य त्यांच्यावर नव्हे, तर ज्या समाजाने अस्पृश्यता पाळली त्याच्यावर येत होते. विनयाच्या कसोटीवर पाहता, ते निवेदन अद्याप पूर्ण झाले आहे असे म्हणवत नाही.

आज महाराष्ट्रातील बौद्ध वस्त्यांत आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. त्याच महिन्यांत जैन उपाश्रयांत आणि मंदिरांत चातुर्मास चालू असतो. चाकणच्या कारखान्यांच्या पाळ्यांमध्ये शेजारी उभे राहणाऱ्या अनेकांच्या घरी, निरनिराळ्या नावांनी, आत्मपरीक्षणाचा एकच ऋतू साजरा होत असतो. क्षमा मागण्याचा दिवस वर्षातून एकदा येतो. परंतु ज्याचे मन दुखावले त्याच्यासमोर जाऊन दोष उच्चारणे, आणि दुसऱ्याने दाखविलेली उणीव प्रवारणेच्या वृत्तीने ऐकून घेणे, यांवाचून तो दिवस उपचारच ठरतो. अडीच हजार वर्षांपूर्वी श्रमणांनी दिलेली ही शिकवण व्यक्तीला जशी तशीच संस्थेलाही लागू पडते. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी यशाच्या स्मरणाबरोबर या शिकवणीचेही स्मरण व्हावे, हेच उचित.