काकतालीय न्याय आणि वीस मिनिटांची काचनळी

विषय तसा डॉक्टरांचा. पण मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून याकडे पुराव्याचा इतिहास म्हणून बघतो.

जुन्नर-आंबेगावात वीज रात्रीची असली की शेतकरी अंधारातच दारं धरायला जातो. पाय घोणसावर किंवा फुरशावर पडतो. पूर्वी अशा माणसाला आधी भगताकडे नेत, आणि पुष्कळदा तो वाचायचाही! हे नाकारून चालणार नाही. कारण आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी सापही दर चाव्यात विष सोडतोच असं नाही. मंत्र म्हटला, माणूस उठून बसला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. हाच आपला काकतालीय न्याय. आणि माणूस गेला तर? 'उशीर झाला' म्हणायचं. म्हणजे मंत्र चुकला, असं कधी ठरतच नाही.

आता वैद्यकाकडे या. 1895 च्या सुमारास फ्रान्सच्या अल्बेर काल्मेतनं नागाच्या विषावर प्रतिविष तयार केलं आणि ते सगळ्याच सापांवर चालेल असं मानलं. ते मत टिकलं नाही. नागाचं औषध घोणसाला लागू पडेना. चूक उघडी पडली, म्हणून ज्ञान पुढं गेलं. पुढं मुंबईच्या हाफकिन संस्थेत घोड्यांच्या रक्तापासून नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारं औषध बनू लागलं.

घोणसाच्या विषाची गंमत बघा. ते रक्त गोठवतं! 1934 मध्ये लंडनला मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी ते हिमोफिलियाच्या रुग्णांचं रक्त थांबवायला वापरलं. मग चावल्यावर रक्तस्राव का होतो? विष अंगभर गोठण्याची क्रिया सुरू करून देतं, त्यात रक्तातलं फायब्रिनोजेन संपून जातं. भांडवलच उरलं नाही, तर जखम कशानं बुजणार? म्हणून चाव्यावर ब्लेड मारणं घातक.

हे ओळखायची चाचणी साधी आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलीटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरपं करायचं. वाहिलं, तर विष भिनलं, प्रतिविष द्यायचं. सहा तासांनी पुन्हा बघायचं, कारण प्रतिविष विष निकामी करतं, पण फायब्रिनोजेन यकृताला नव्यानं तयार करावं लागतं. ही नळी 'नाही' म्हणू शकते, म्हणून तिच्या 'हो'ला किंमत. तरी एकदा 'नाही' आलं म्हणून घरी जायचं नाही. विष हळूहळू भिनतं. आणि मण्यारीच्या चाव्यात रक्त नीट गोठतं, पण श्वास बंद पडतो. तिथं पापण्या बघायच्या.

नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी या भागात सर्पदंशानं एकही मृत्यू होऊ नये म्हणून वर्षानुवर्षं काम केलं आहे. 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. भीमाशंकरकडच्या जंगलातल्या चापड्यावर मात आपलं चौघांचं औषध बेतलेलं नाही. ते काम बाकी आहे.

भगताशी भांडू नका. त्याची गावात पत आहे. त्यालाच सांगा, 'बाबा, अंगारा लाव, पण गाडीत बसवून.' दवाखान्यात पोचायला लागलेला वेळ ही एकच गोष्ट आपल्या हातात आहे.