बडनेरा ते अंबागेट : वऱ्हाडातील एका शहराची दारे

१/ मुंबई–नागपूर–हावडा लोहमार्गावरील बडनेरा जंक्शन बहुतेक प्रवाशांना ठाऊक असते ते खिडकीतून दिसणाऱ्या फलकापुरते. या स्थानकापासून अमरावतीच्या अंबागेटपर्यंतचे अंतर जेमतेम दहा किलोमीटर. एवढ्या टापूत वऱ्हाडचा दोन शतकांचा इतिहास एका दिवसात पाहता येतो. हा इतिहास मुख्यतः दारांचा आहे : ती कोणासाठी उघडली आणि कोणासाठी मिटलेली राहिली.

२/ बडनेरा १९८३ पासून अमरावती महानगरपालिकेत आहे. पण गाव स्वतंत्रपणे जुने. महसूल वसूल करणारे मोगलांचे आणि पुढे निजामाचे अधिकारी येथे राहत. त्यांच्या कचेऱ्या, वाडे आणि मातीची एक लहानशी गढी यांची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरात सापडते. गावाचे जुने नाव ‘बडनेरा-बीबी’. एका राजघराण्यातील कन्येला हे गाव आंदण दिले गेले, म्हणून हे नाव पडले असे सांगतात.

३/ अठराव्या शतकातील वऱ्हाड दोन धन्यांचे होते. निजाम आणि नागपूरकर भोसले दोघेही येथून महसूल घेत. या व्यवस्थेला ‘दुअंमली’ म्हणत. १८०३ मध्ये अडगाव आणि गाविलगड येथे पराभव झाल्यावर दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड सोडले आणि ते निजामाकडे गेले. गाविलगड जिंकणाऱ्या जनरल वेलस्लीचा तळ १८०४ मध्ये अमरावतीस पडला होता.

४/ धनी एक झाला, तरी सुरक्षितता आली नाही. पेंढाऱ्यांच्या टोळ्या मुलूख लुटत होत्या. अमरावतीच्या श्रीमंत व्यापाऱ्यांच्या रक्षणासाठी निजाम सरकारने १८०७ मध्ये गावाभोवती दगडी तट बांधायला घेतला. हाच परकोट. उंची २० ते २६ फूट, घेर सुमारे सव्वादोन मैल, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. अंबागेट, जवाहर गेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावे अमरावतीकरांच्या तोंडी आजही रोजची आहेत.

५/ तटाची ‘खिडकी’ म्हणजे माणसांच्या ये-जा करण्यासाठी ठेवलेला लहान दरवाजा. त्यांतील एकीचे नाव ‘खुनारी’. तिच्याजवळ झालेल्या एका चकमकीत ७०० माणसे मारली गेली, अशी नोंद आहे. तट नसता तर काय झाले असते, याचे उत्तर बडनेऱ्याने दिले. १८२२ मध्ये राजाराम सुभा याने बडनेरा लुटले आणि निम्मे गाव उद्ध्वस्त केले. मातीच्या गढीला ते रोखता आले नाही.

६/ तटाआड एवढे काय होते? कापूस. १८४२ मध्ये एकट्या एका व्यापाऱ्याने अमरावतीहून कलकत्त्याच्या वाटेने १ लाख बैलांवर लादून कापूस पाठवला, असे नोंदलेले आहे. रेल्वेपूर्व काळातील या व्यापाराचा आवाका त्यावरून लक्षात येतो. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिले. या काळ्या मातीवर इंग्रजांची नजर पडली, त्यामागेही कापूस होताच.

७/ १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळहून निघालेला मार्ग १८६६ मध्ये बडनेऱ्यास आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. मुख्य मार्ग अमरावतीला वळसा घालून गेला. म्हणून पुढे बडनेऱ्याहून सुमारे सहा मैलांचा फाटा काढावा लागला. बैलांचे तांडे थांबले, गाठी वाघिणींत चढू लागल्या आणि लुटले गेलेले बडनेरा वऱ्हाडचे दार झाले.

८/ याच दाराने राजकारणही आत आले. १८९७ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीस भरले. अध्यक्ष होते सर सी. शंकरन नायर, तर स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. लोकमान्य टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या शिक्षेखाली तुरुंगात होते. तटाच्या आडोशाला वाढलेले व्यापारी गाव आता देशभरातील प्रतिनिधींचे यजमान झाले होते.

९/ परकोटाचे दार म्हणजे अंबागेट आणि त्याला नाव देणारी ती अंबादेवी. रुक्मिणी अंबेच्या दर्शनाला आली आणि येथूनच श्रीकृष्णाने तिचे हरण केले, अशी आख्यायिका आहे. रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे कौंडिण्यपूर याच जिल्ह्यात वर्धेच्या काठी आहे. अंबादेवी आणि शेजारची एकवीरा ही नवरात्रातील वऱ्हाडची मोठी श्रद्धास्थाने. मात्र हे दार दीर्घकाळ सर्वांसाठी उघडे नव्हते.

१०/ १९२७ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाने अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा हक्क मागितला. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली, अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता त्यांना येथेच समजली, तरी परिषदेचे काम थांबले नाही. डॉ. पंजाबराव देशमुख हे या लढ्याचे खंदे समर्थक.

११/ कालक्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. महाडचे चवदार तळे मार्च १९२७, अमरावतीची परिषद नोव्हेंबर १९२७, नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह मार्च १९३०. मंदिरप्रवेश म्हटले की काळाराम आठवतो. त्याच्या दोन वर्षांहून अधिक आधी हा प्रश्न अंबादेवीच्या दारात उभा राहिला होता. पाठ्यपुस्तकांत या परिषदेला क्वचितच जागा मिळते.

१२/ याच परिसरात श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. ज्या मातीत कबड्डी घुमली, तिचे खेळाडू थेट बर्लिनपर्यंत गेले. आखाडा आजही नांदता आहे.

१३/ प्रवासाचा शेवटचा टप्पा गाडगेनगर. खराटा हाती घेऊन गावे झाडणारे संत गाडगेबाबा २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या काठी निवर्तले; बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा दोनच आठवडे झाले होते. त्यांची समाधी येथे आहे. ज्यांना पंढरपुरात कोणी थारा देत नसे, त्यांच्यासाठी बाबांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. बंद दारावर त्यांनी शोधलेला उपाय हा असा होता : नवे दार बांधणे.

१४/ परकोटाला आता पेंढाऱ्यांचे भय नाही. कुठे भिंतीला घरे टेकली आहेत, कुठे दुकाने. दरवाजांतून दिवसभर रहदारी वाहते. बडनेऱ्याला उतरणाऱ्याने अंबागेटखाली क्षणभर थांबून मान वर करून पाहावे. त्या दगडांनी कापसाचे धन राखले. पण त्याच्या पलीकडे, मंदिराच्या उंबरठ्यावर, शहराला आपल्याच माणसांसाठी दार उघडण्यास त्याहून कितीतरी अधिक काळ लागला. १८०७ आणि १९२७ ही दोन्ही साले एकत्र लक्षात ठेवली, तरच अमरावती पाहिली असे म्हणता येईल.